सुंदराबाईची भिंगरी

पोलादपूरच्या स्टँडवर अजून सांगतात, की कापडे गावच्या सुंदराबाईने शिकवायला आलेल्या सरांना गोधडीत गुंडाळलं, चारी बाजूंनी धावदोरा घातला आणि साडेचारच्या एसटीत टाकून दिलं. ही गोष्ट महाडच्या बाजारात पोचेपर्यंत सरांचा एक कानसुद्धा शिवणीत आला होता.

सगळं खोटं. सर आपल्या पायांनी एसटीत चढले. गोधडी त्यांच्या खांद्यावर होती, अंगाभोवती नव्हती. कान दोन्ही शाबूत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकण्याच्या कामी आले, एवढंच.

झालं ते असं. आमच्या बचत गटाला मुंबईहून एका प्रदर्शनवाल्यांचा निरोप आला. आधी नमुन्याची एक गोधडी द्या, पसंत पडली तर पुढचं काम तुमचं. गटाची अध्यक्ष राजश्री. घरात ती "मीठ दे गो" म्हणते, पण समाजमंदिराच्या पायरीवर पाय पडला की माईक नसतानाही "उपस्थित सर्व भगिनींना" सुरू होते. तिने पुण्याहून विपुल सर आणवले. त्यांची नक्कल बसवायला मला दोन मिनिटं लागली. मान तिरकी, बोटं हवेत, आणि "आपल्याला ना, प्रोसेसवर ट्रस्ट करायचाय."

पहिल्या दिवशी कामं वाटली. कोण कापणार, कोण जोडणार, कोण इस्त्री फिरवणार. सुंदराबाई चष्मा पुसत आपल्या नावाची वाट बघत बसली. सत्तरीला टेकलेली बाई. कापड्यातली निम्मी पोरं तिच्या गोधडीत ओली होऊन मोठी झालीत. मुलगा विक्रोळीहून मऊ ब्लँकेटं पाठवतो, त्यांवर ती खुडूक कोंबड्या उबवायला बसवते.

यादी संपली. राजश्री गोड आवाजात म्हणाली, "आत्या, तुमचं आता वय झालं. तुम्ही चहाचं बघा."

"चहा?" सुंदराबाई म्हणाली. "जन्मात माजा चहा कुनी दुसऱ्यांदा मागितला नाय."

हे मात्र खरं. तिच्या चहानंतर कप धुवून भागत नाही, खरवडावे लागतात. तरी ती उठली आणि स्टोव्ह पेटवला. पण कापड जोडलं जातंय आणि आपल्या मांडीवर काही नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. हात रिकामे राहीनात. शेवटी तिने एक सुई ओवली आणि पदराला टोचून ठेवली. चहात साखर घालताना सारखा हात त्या सुईकडे जायचा. मुलाची ब्लँकेटं आली तेव्हासुद्धा तिला कुणी एवढं म्हातारं केलं नव्हतं.

मुंबईला 'हँडमेड' हवं होतं, म्हणून मशीन बंद. गोधडी मधे पसरली आणि बायका भोवती बसल्या. वरच्या आळीच्या खिडकीकडे, खालच्या आळीच्या दाराकडे. तीन वर्षांपूर्वी हळदीच्या डीजेवरून वाजलं, तेव्हापासून दोन्ही आळ्या एका चटईवर बसत नाहीत.

आता दोन तुकडे जोडले, की मागे बोटभर कड उरते. शिंपी तिला मार्जिन म्हणतात. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच अंगाला निजवायचं असतं. एका चौकाशी, म्हणजे चार तुकडे मिळतात तिथे, इकडे आणि पुढच्या चौकाशी तिकडे निजवलं, की मधे त्याला पीळ पडतो आणि तिथे गाठ आल्यासारखं टोचतं. इथे तर खिडकीवालीने मार्जिन आपल्याकडे ओढलं आणि दारवालीने आपल्याकडे. आमच्या गावात वस्तू आपल्याकडेच ओढायची असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी वरून गोधडी चित्रासारखी दिसत होती. सरांनी अकरा बाजूंनी फोटो काढले. सुंदराबाई चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत कापडावरून अंगठा फिरवला.

"हितं पीळ हाय. हितं बी. अगो, ही गोधडी हाय का कैऱ्यांची गोन?"

"आजी, डोन्ट वरी," सर म्हणाले. "खालून अस्तर येणार. मागचं कोण बघतं?"

"पाठ बगते. तुमी निजा हिच्यावर, न् सकाळी सांगा."

सरांनी इस्त्री मागवली. दाबून दाबून फिरवली. पीळ गेले नाहीत, उलट कडक शिस्तीत उभे राहिले.

मग भांडण जुंपलं. वरच्या आळीची जानकीबाई म्हणाली, "खालच्या आळीचं काम दिसतंय." खालच्या आळीची शकू कशाला ऐकते? "आमी मार्जिन ओढलं तर एवढं लागलं, न् तुमी रातभर डीजे आमच्या कानात ओढलात तो?" सर म्हणाले, प्रोसेस पहिल्यापासून करू, सात दिवस लागतील. गोधडी तर दुसऱ्या दिवशी साडेचारच्या एसटीने जायची होती. राजश्रीच्या तोंडून उपस्थित भगिनी पार नाहीशा झाल्या.

"आत्या, काय करायचं हो आता?"

"मला काय म्हाईत बाय? मी चहाचं बगते."

"आत्या, बसा ना."

"न् चहा कोन बगील?"

"बघू ते."

"बगू नाय. मी ह्या कापडाला हाय का नाय, ते आदी बोल."

राजश्री सरांकडे बघू लागली. सर म्हणाले, "आजींना आजच्यापुरतं बसू दे. पण फायनल चेकिंगला ना, नजर शार्प हवी." म्हणजे आज कापड, उद्या परत स्टोव्ह. सुंदराबाईला ते कळलं. तरी तिने पदराची सुई काढली.

"उठा समद्या. एका अंगाला बसा, पंगतीला बसता तशा. जानके, तू शकूच्या बाजूला."

"मी? हिच्या बाजूला?"

"जेवायला नाय बोलावलं. बस."

मग तिने करून दाखवलं. जिथे चार तुकडे मिळतात, त्या चौकात मार्जिनावरचे फक्त दोन टाके उसवायचे. मूळ शिवणीला हात लावायचा नाही. चारही कडा एकामागून एक फिरवून निजवायच्या, कागदाच्या भिंगरीची पाती असतात तशा. मधला उंचवटा बसतो आणि पुढची कड सरळ वाटेला लागते. बायका जमेल तशा करू लागल्या.

"आता वढा किती वढायचं ते आपल्याकडं," सुंदराबाई म्हणाली. सगळ्या एकाच अंगाला होत्या. तिने सवय कुणाचीच मोडली नाही, बसायची जागा तेवढी बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्तर लागलं. सरांनी "परफेक्ट" म्हटलं. राजश्रीने स्टोव्हकडे बघितलं आणि मग सुंदराबाईकडे. तेव्हा माझी जीभ वळवळली. मी पंगतीत बसून टाके घालता घालता सगळं बघितलं होतं. शेजारणीचं आपण का करायचं, म्हणून जानकीबाईने एक पीळ शकूसाठी सोडला होता, आणि शकूने एक जानकीबाईसाठी. मी सरांच्या आवाजात म्हटलं, "आजी, आपण ना, एक टेस्ट घेऊ. दोन पीळ राहिलेत. चष्मा काढून अस्तरावरून शोधायचे. नाही सापडले तर चहा तुझ्याकडे. सापडले तर महिनाभर माझ्याकडे."

"महिनाच?" म्हणत तिने चष्मा काढून राजश्रीच्या हातात दिला.

अंगठा निघाला. ओळीमागून ओळ, जराही घाई नाही. "एक." जानकीबाई छताकडे बघू लागली. "दोन." शकूला खोकला आला. राजश्रीने टाळ्या वाजवल्या, सरांनीही वाजवल्या. अंगठा थांबेना.

"आजी, दोनच आहेत," मी म्हटलं.

"तीन."

शकूने अस्तर उसवलं. तिसरा चौक माझा होता.

तिन्ही चौकांची भिंगरी होऊन अस्तर परत शिवेपर्यंत चार वाजले. साडेचारला सर गोधडी खांद्यावर टाकून एसटीच्या पायरीवरून ओरडून विचारत होते, "आजी, दोन टाके म्हणजे शिवणीच्या वरचे ना?" राजश्रीने त्याच संध्याकाळी यादी नव्याने लिहिली. तपासायला सुंदराबाई. चहाला मी, आणि तिसऱ्या पिळापायी महिन्याचं वर्ष झालं.

सुंदराबाई रोज माझा चहा दुसऱ्यांदा मागते. आवडतो म्हणून नाही.