माघ वद्य द्वितीयेचे पान

प्रथम क्षमा मागतो. कुमुदताई खांबेटे यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी लेख दसऱ्यापर्यंत मागितला होता. आता मार्गशीर्ष निम्मा सरला. तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, ताईंचे आयुष्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलेले. माझ्या हातून काही कमीजास्त लिहिले जाईल आणि ते छापून कायमचे राहील, ही धास्ती सुटत नव्हती. आजही सुटलेली नाही, पण संपादकांचा माणूस दोनदा येऊन गेला.

ताईंची आणि माझी ओळख काशीतल्या आपल्या संस्थेच्या चौकशीच्या खिडकीवर झाली. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आपले कार्यालय आहे. तिथे खोली, दवाखाना, अन्नछत्र, मुलींचे वसतिगृह, जे कोणी विचारील ते सांगायला मी बसतो. ताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. हातातला कागद पुढे करून त्यांनी विचारले,

“हे व्यवस्थापक कुठे भेटतील?”

मी नाव वाचले. “ताई, ते गेले.”

“परत कधी येतील?”

“गेले म्हणजे गेले हो. वर्ष होईल आता. मणिकर्णिकेपर्यंत मी होतो ना बरोबर.”

ताई हसल्या नाहीत. कागद घडी करून म्हणाल्या, “इंटरनेटवर तर ते अजून खोल्या देताहेत.”

पुण्याच्या एका हितचिंतकांनी संस्थेची वेबसाइट करून दिली होती. आपल्या इतक्या शाखा, इतके विभाग! ज्याने त्याने आपापला मजकूर पुण्याला पाठवला आणि पाने चढत गेली. चढलेले पान उतरवायचेही असते, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. बंद पडलेले वर्ग तिथे चालू होते, बदलून गेलेले डॉक्टर तिथे रोज सकाळी रुग्ण तपासत होते. ताईंनी हे अध्यक्षांच्या कानावर घातले, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

“असू द्या की, ताई,” अध्यक्ष म्हणाले. “पानं भरपूर असली की संस्था भरलेली दिसते.”

“भरलेली नाही दिसत, तुंबलेली दिसते,” ताई म्हणाल्या.

अध्यक्षांना हसू आले आणि काम ताईंच्या गळ्यात पडले. गोदौलिया चौकातल्या एका संगणकवाल्याकडून त्यांनी सगळी पाने छापून आणली. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आपल्या घरी, कपडे वाळत घालायच्या दोरीवर ती चिमट्यांनी लावली. एकेक पान घेऊन त्या त्या विभागात जायचे, खरेखोटे विचारायचे, खोटे निघाले की पुण्याला फोन करून उतरवायचे. माकडांनी टेलिफोनची तार तोडली की चालत दुसऱ्या गल्लीत जाऊन फोन. उन्हात, पावसात हे चालले होते. मी खिडकीतून बघायचो आणि मला बरे वाटायचे नाही. कारण त्या पानांत काही पाने माझ्या हातची होती.

आता जे सांगायचे ते सांगतो. मागच्या माघातली गोष्ट. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी परभणीकडच्या शेवंताबाई नावाच्या एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून खिडकीशी आल्या.

“नमस्कार, बाबा. मोत्याबिंदूचं आपरेशन हितंच न्हवं? उद्या दुतिया हाय.”

मी म्हटले, कसले ऑपरेशन? त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिले होते, ‘माघ वद्य द्वितीयेपासून मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया होईल. आधी कळवण्याची गरज नाही.’ वाक्ये माझीच होती.

दवाखान्याचे कंपाउंडर रामजतन मागे उभे होते. त्यांनी डोकावून पाहिले आणि म्हणाले, “अरे नाना, माघ त बीत गइल! ई त फागुन चढ़ गइल।”

माघ सरून फाल्गुन लागला, असे ते म्हणत होते. तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. भिंतीवरच्या बनारसी पंचांगात ‘माघ कृष्ण द्वितीया’ होते. आपल्या मराठी लोकांसाठी म्हणून मी कृष्णाचे वद्य केले आणि महिना तसाच ठेवला. आम्ही इथे जन्मलेली मराठी माणसे घरात एक महिना बोलतो आणि बाजारात दुसरा. त्यात कागदावर मी एक महिन्याचे अंतर पाडले होते. आणि ते शिबिर तरी कुठे त्या साली होते? ते आदल्या वर्षीचे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नंतर आलेच नाहीत. मी साल लिहिले नव्हते. तिथी दर वर्षी येते, म्हणून ते पान दर वर्षी ताजे दिसत होते.

मी काय केले, तेही लिहितो. मी खोटे बोललो. “डॉक्टर आज नाहीत, उद्या या.”

“मग बसतो की हितंच उद्यापातूर,” शेवंताबाई म्हणाल्या आणि खिडकीखाली गाठोडे ठेवून दोघी बसल्या. म्हातारीने वर तोंड करून विचारले, “गंगा कोणत्या अंगाला हाय, बाबा?”  खिडकी लावून मी ताईंच्या घरी गेलो. 

ताईंनी सगळे ऐकले. मला रागावतील म्हणून मी खाली बघत होतो. 

“नाना, ते पान मी कार्तिकात वाचलं होतं,” त्या म्हणाल्या. “तिथी पुढची दिसली, म्हणून दवाखान्यात न विचारताच दोरीवरून काढून खऱ्यांच्या ढिगात ठेवलं. मीसुद्धा इथलीच ना. मलाही कळलं नाही.”

चप्पल घालून त्या तशाच निघाल्या. दोघींना रिक्षात बसवून शहरातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासून विचारले, इतके दिवस का थांबलात? शेवंताबाई म्हणाल्या, “तिकडचा डाक्टर दिवाळीतच करतो म्हनला होता. पन काशीत हुतंय तर पुन्य बी घडंल, म्हून आई थांबली.”

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून आतला दाब वाढला होता. तो डोळा गेला. डावा त्याच आठवड्यात केला म्हणून वाचला.

पट्टी सुटेपर्यंत ताईंनी दोघींना आपल्या घरी ठेवून घेतले. म्हातारीला पोळी चावत नव्हती, म्हणून ताईंनी बनारसभर फिरून ज्वारी मिळवली आणि स्वतः भाकऱ्या थापल्या. पहिली भाकरी फाटली तेव्हा म्हातारी म्हणाली, “ल्येकी, तुला येत न्हाई, व्हय बाजूला,” आणि चाचपडत परातीशी बसली. ताईंनी हे मला हसत सांगितले. मला हसता आले नाही.

पुढे कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारले, “हा मजकूर कोणी लिहिला?” मी दाराशी उभा होतो. या वयात नोकरी गेली तर दिवसभर बसायचे कुठे, हाच विचार डोक्यात होता. ताई उठल्या. “लिहिला नानांनी, तपासला मी. पानं माझ्या ताब्यात होती. इतिवृत्तात माझं नाव लिहा.” तसे लिहिले गेले. आजही ते तसेच आहे.

मी ताईंना म्हटले, मला यातून मोकळे करा. त्या म्हणाल्या, “उलट आता प्रत्येक पान आधी तुम्ही वाचायचं.”

“मी? सातवी पास?”

“तुम्हाला भीती वाटते, नाना. इथे दुसऱ्या कुणालाच वाटत नाही.”

तेव्हापासून प्रत्येक पानाखाली इंग्रजी तारीख सालासकट असते. मजकुराची हमी देणाऱ्याचे नाव असते आणि तो कधीपर्यंत खरा तेही असते. ती मुदत उलटली की पान खाली येते, मग ते अध्यक्षांच्या भाषणाचे का असेना. ‘यंदा’, ‘सध्या’, ‘लवकरच’ हे शब्द ताई चालू देत नाहीत. दर शनिवारी आम्ही दोघे बसतो. मी बोट ठेवून वाचतो, अडखळलो की ताई थांबतात, घाई करत नाहीत. माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

तरी धाकधूक जात नाही. दोन हजार साल लागताच संगणक तारखा विसरणार, असे वर्तमानपत्रात येते. उतरवलेली पाने पुन्हा वर चढली तर? ताई म्हणतात तसे होत नाही. पण त्याहून वाईट गोष्ट आहे. ती ताईंनाही छळते. शेवंताबाईंचा कागद कोणीतरी वेबसाइटवरून छापून गावच्या वाचनालयातल्या फळ्यावर लावला होता. त्यांनी तो काढून आणला, पण त्यांच्या आधी दोघांनी त्याची नक्कल करून नेल्याचे त्या सांगत होत्या. त्या नकला कुठल्या गावात, कुठल्या देवळाच्या भिंतीवर आहेत, कोणाला ठाऊक? वाचनालयाला ताईंनी चार पत्रे घातली, उत्तर नाही. पुण्याहून उतरवता येईल असे ते पान राहिलेले नाही. पुढच्या माघ वद्य द्वितीयेला आणखी कोणी आपल्या आईचा हात धरून येईल, म्हणून ताई त्या पंधरवड्यात बाहेरगावी जायचे नाही असे ठरवून बसल्या आहेत. मुलाकडे नागपूरला जाणेही त्यांनी पुढे ढकलले आहे.

ताईंना विश्वनाथ उदंड आयुष्य देवो. त्यांचे पाय या पायऱ्यांवर बळकट राहोत, नजर अशीच राहो, आणि त्यांना एकदा तरी निवांत झोप लागो. यातले शेवटचे तुमच्या हातात आहे. हा ग्रंथ महाराष्ट्रात ज्या घरी पोचेल, त्यांनी आपल्या गावचे वाचनालय, देऊळ, दवाखाना बघावा. तो कागद दिसला तर फाडावा आणि तो वाचून कोणी थांबले असेल, तर त्याला तिथल्याच डॉक्टरांकडे पाठवावे. मग आम्हाला दोन ओळी लिहाव्यात. साधे कार्ड चालेल. कागद दिसला नाही, तरी नाही म्हणून कळवावे. तुमचा माघ यायला फार दिवस उरलेले नाहीत. कृपा करून लवकर कळवा.