खवट न होणारं तेल

पौडच्या आमच्या घरी दर हिवाळ्यात डोंगरातल्या वाडीवरून एक मावशी आवळे घेऊन यायची. आईच्या कारळ्याच्या तेलाला खवट वास आला की ती म्हणायची, "वाळल्या आवळ्याची आवळकाठी टाक की त्यात. आमचं तेल वरीसभर न्हाई बिघडत." चिरलेल्या कच्च्या केळ्यालाही ती आवळ्याचा रस चोळायची. केळं काळं पडायचं नाही.

साठ सालच्या सुमारास मी पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करू लागले आणि मार्गदर्शक सरांकडे हाच विषय मागितला. "आजीबाईचा बटवा काढलास की!" सर हसले, पण "कर" म्हणाले. आवळ्याचा अर्क घातलेल्या आणि न घातलेल्या तेलाच्या बाटल्या मी कपाटात मांडल्या आणि दोन वर्षं दर सोमवारी त्या तपासल्या. अर्काचं तेल टिकत होतं. केळं काळं पाडणारं एन्झाइमही त्या अर्काने मंदावत होतं. सगळं माझ्या वहीत होतं.

कुठल्या झाडाचे आवळे घ्यायचे ते मावशीनेच दाखवलं. तिच्यामागून चढताना मला धाप लागायची. "मावशी, हे छापून येईल तेव्हा त्यात तुझं नाव घालीन," मी एकदा म्हटलं.

ती थांबली. "माजं नाव कुटंच लिवलेलं न्हाई, पोरी."

पुढे सरांनी वही वाचायला म्हणून नेली. काही महिन्यांनी ग्रंथालयात एका नियतकालिकाचा नवा अंक चाळताना आमचा विषय दिसला. वर सरांचं नाव, खाली त्यांच्या भाच्याचं. भाचा प्रयोगशाळेत यायचा तो फक्त चहाला. माझं नाव शेवटच्या आभारातही नव्हतं. सात नंबरची बाटली माझ्या चुकीने उन्हात राहिली होती. तिचा आकडा गाळा असं मी सरांना बजावलं होतं. तोही तसाच छापला होता. चूकसुद्धा माझीच उचलली होती.

मी अंक घेऊन सरांकडे गेले. ते चहा ढवळत होते.

"सर, हे माझं काम आहे."

"अगं, तुझं लग्न ठरतंय ना? भाच्याला नोकरीसाठी लागत होतं. तू काय, घरच्यासारखी!"

मी अंक उचलून बाहेर पडले.

त्या रविवारी गावी गेले, तर मावशी ओट्यावर बसलेली. "आलं का गं छापून?"

"आलं. पण माझंसुद्धा नाव नाही त्यात, मावशी. सरांनी फसवलं मला."

ती उठून उभी राहिली. "तुला त्येनं फसवलं. मला तर, नाव घालीन म्हून, तू सांगितलं हुतंस." पाटी डोक्यावर घेऊन ती उतरली. आईने हाका मारल्या, पण ती वळली नाही.

पुण्याला येताच मी संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यात आधी मावशीचं नाव घातलं, मग माझं. आठवड्याभराने तेच पत्र सरांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. संपादकांनी ते उघड्या पाकिटात त्यांच्याकडेच धाडलं होतं. "असं करू नये," सर मायेने म्हणाले.

त्या दुपारी मी सगळ्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे दिली. पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मावशी आमच्या दाराशी पुन्हा आली नाही. एकदा वाडीवर जाऊन माफी मागावी असं मनात होतं. मी गेले नाही.