गोलरक्षकाचे ओरखडे

आमच्या गावचा आइस हॉकी संघ व्यावसायिक असला तरी लीग अगदी खालची, आणि त्या लीगमध्येही आम्ही तळाला. हंगामाचा शेवटचा सामना बघायला मी बायकोला, नीताला, पहिल्यांदाच नेलं. ती याच हिवाळ्यात नाशिकहून इथे परदेशात आली. बाहेर पडली की बर्फावर घसरायच्या भीतीने माझा दंड घट्ट धरूनच चालते.

दुसऱ्या मध्यंतरापर्यंत आमच्यावर चार गोल चढले होते. बर्फ सपाट करणारी गाडी फिरली आणि मैदानातला बर्फ आरशासारखा गुळगुळीत झाला. आमचा गोलरक्षक सगळ्यांच्या आधी उतरला आणि जाळीपुढचा तो नवाकोरा बर्फ स्केटच्या पात्यांनी खराखरा खरडू लागला.

"अहो, आत्ताच तर छान केला होता!" नीता कळवळली.

"तो घसरेल त्यावर. पाय रोवता यायला हवेत त्याला."

हे खरडणं मला फार आवडतं. या देशात मी तरी कुठे गुळगुळीत जागी उभा राहिलो? तोडक्या इंग्रजीत घरमालकाशी भांडलो, चुकीच्या बसने भलतीकडे पोचलो, आणि त्या खरखरीत दिवसांवरच माझे पाय टेकले.

सामना हरलोच. पण पुढे एकही गोल त्याने होऊ दिला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फ चकाकत होता. सवयीने मी दंड पुढे केला. नीता थांबली. बुटाची टाच तिने बर्फावर दोनदा खराखरा घासली.

"चला," म्हणाली, आणि माझ्या पुढे चालू लागली.