अकराव्या ओळीपर्यंत

जामखेड तालुक्यातल्या माझ्या शाळेने जुन्या जनरल रजिस्टरची, म्हणजे प्रवेशनोंदींच्या वहीची, पाने संगणकात साठवायचे काम मला दिले होते. घरातला पहिला पदवीधर मी. ज्या शाळेमुळे झालो तिचेच काम, म्हणून मोठ्या हौसेने केले. स्कॅन केलेले प्रत्येक पान थेट डेटाबेसच्या एका रकान्यात ठेवायची सोय केली. पाने चढवून झाली आणि मूळ रजिस्टर बाइंडिंगसाठी नगरला गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक मुलगी आली. जात पडताळणीच्या अर्जाला आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद जोडायची होती. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. तिचा नर्सिंगचा प्रवेश त्यावर अडला होता.

मी पान उघडले. वरच्या चार ओळी दिसल्या, खाली नुसता करडा रंग. आजोबांची नोंद अकरावी.

"दादा, नेट स्लो हाय का?" तिने विचारले.

मी दुसरे पान उघडले, तिसरे उघडले. सगळी तशीच. रकान्याचा प्रकार पाहिला तेव्हा चूक कळली. त्यात चौसष्ट केबीच मावत होते. पाने कितीतरी मोठी. उरलेला भाग डेटाबेसने मुकाट्याने कापला होता आणि तरीही 'सेव्ह झाले' असे दाखवले होते. चाचणी घेताना मी माझा पासपोर्ट फोटो टाकला होता, तो पुरता मावला होता. शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत प्रत्येक अर्जासाठी पन्नास केबीच्या आत बसवलेला. चित्र म्हणजे एवढेच, हे डोक्यात पक्के बसले होते.

"भाऊसाहेब, स्कॅनच्या मूळ फायली?" मी क्लार्कना विचारले. त्या पुसून टाका, असे मीच बजावले होते.

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "सातवीत अर्धा पेपर लिवून खेळाया पळायचा तुमी. तुमच्या भरवशावर पुसतो व्हय मी?"

सव्वाचार झाले होते. रकान्याचा प्रकार बदलला, ते पान पुन्हा चढवले आणि उघडले. हळूहळू खाली सरकवत गेलो. दहावी ओळ आली, मग अकरावी. मुलीने आजोबांचे नाव मोठ्याने वाचले. भाऊसाहेबांनी छापलेल्या प्रतीवर शिक्का मारला आणि ती समोरच्या सायबर कॅफेकडे धावली. पाचला दहा कमी असताना दारातूनच ओरडली, "भरला!"

मग मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळे सांगितले. ते रागावले नाहीत, त्याचेच जास्त ओझे वाटले. परत येऊन बाकीची पाने चढवायला घेतली. चढवलेले प्रत्येक पान उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेलो.