पल्लवी बोलते, फक्त पेशंट झोपलेला हवा

देवघरात निर्माल्य साठतं, तसे माझ्याकडे किस्से साठतात. शिळे झाले तरी कचऱ्यात टाकवत नाहीत. त्यातले बरेचसे आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या दोन नर्सिंगच्या मुलींचे. श्वेता बोलायला लागली की थांबत नाही. नरखेडकडची पल्लवी सुरूच होत नाही. मागच्या प्रॅक्टिकलला पेशंटसमोर तिचं तोंडच उघडलं नाही आणि ती नापास झाली. पुन्हा तसंच झालं तर वडील तिला गावी परत नेणार होते.

मी तिच्यासाठी सोळा सोमवार धरले. आमचे हे म्हणाले, "परीक्षा तिची, अन् उपास तू काहून करून राहिली?"

*

श्वेतानं फर्मान काढलं, "काकू, आजपासून तुम्ही पेशंट."

मी दिवाणावर आडवी झाले. पल्लवी हातात कागद घेऊन आली. कागद उलटा धरला होता. मला राहवलं नाही. तिचा हात धरून म्हटलं, "घाबरू नको वं बाई, सगळं ठीक होईल."

श्वेतानं कपाळावर हात मारला. "काकू, हे वाक्य तिचं आहे!"

*

पुढचा सराव नेमका सोमवारी आला.

"भूक लागते का?"

"लागते."

"मग जेवण?"

"नाही घेत."

"किती दिवसांपासून?"

"हा पाचवा सोमवार."

पल्लवीनं खाली मान घालून सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी कागद पाहिला. 'रुग्ण जेवण नाकारते. कारण : महादेव.'

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम तिला हात धुण्याच्या सवयीवर बोलायला उभं केलं. तिनं चार्ट असा धरला, की वर फक्त भांग दिसत होता. माहिती मात्र एकूण एक बरोबर.

शेजारच्या कुंदाताई वाण घेताना म्हणाल्या, "चार्ट लय छान बोलला. आता त्याच्या मालकिणीले बाहेर बोलवा."

*

वॉर्डात पल्लवीनं एक युक्ती काढली. झोपलेला पेशंट गाठायचा आणि त्याच्या उशाशी उभं राहून सगळे प्रश्न विचारायचे. आवाज स्वच्छ, एकही अडखळ नाही.

एकदा असे पाच प्रश्न झाले. सहाव्याला पेशंट डोळे न उघडता म्हणाला, "पोरी, दुसरा प्रश्न पुन्हा विचार. मले नीट ऐकू नाही आला."

गंमत म्हणजे, तिनं विचारला.

*

मग परीक्षा आली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक. पेशंट एक आजी, त्यांची शुगर काही केल्या उतरत नव्हती. डॉक्टर विचारून थकले होते, आजी सगळ्यांना एकच सांगायच्या, "बरं हाय."

श्वेता शेजारच्या खाटेपाशी होती, तिनं हे सारं पाहिलं. पल्लवीनं कागद पुन्हा उलटा धरला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. पल्लवीनं कागद घडी करून खिशात घातला, स्टूल ओढलं, आजींचा हात हातात घेतला आणि नुसती बसून राहिली.

आजींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का पोरी? त्या गोळ्या मी गिळतच नाही..."

"वेळ संपत आली," मॅडम मधेच म्हणाल्या. "पेशंटशी संवाद साधण्याचे टप्पे सांगा."

पल्लवीनं मान वळवली नाही. नुसता तळहात वर केला.

"थांबा मॅडम. आजी बोलून राहिल्या."