चार इंच उंच

जीप आम्ही तिघांत घेतली होती: मी, माझा नवरा आणि माझा थोरला भाऊ. स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांवर उभी असलेली, बिनदारांची, कुणीतरी वाळवंटात पिळून काढलेली जुनी गाडी. दिमोना या वाळवंटी गावात आई आणि दादा राहायचे त्या इमारतीखाली ती उभी राहिली तेव्हा आईने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं भंगार कशाला आणलंय गो बाय? जागा अडवायला?"

आईला भंगार दिसलं. नवऱ्याला आणि दादाला दोन वेगवेगळ्या गाड्या दिसल्या, आणि तिथेच भांडणाचं मूळ होतं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. पाटे दोन इंच उचलायचे, एकतीस इंची टायर घालायचे, बस. गाडी दगडांवरून जाईल आणि उलटणारही नाही. दादाला चार इंच हवे होते आणि पस्तिसाचे टायर, मडगार्ड कापून. "दोन इंच काय, बाजारात जायला?" तो म्हणायचा. नवरा मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घरातला, नेतिवोत गावात वाढलेला, बोलायला सावकाश; आम्ही मराठी ज्यू, त्याच्याशी बोलणं हिब्रूतच. तो कागदावर चित्र काढून समजवायचा की गाडी जितकी उंच तितकी उतारावर कलंडायला सोपी, आणि मोठं चाक वळताना पाट्याला घासतं. दादा तो कागद चुरगाळून फेकायचा.

त्या हिवाळ्यात दादा राखीव सैनिकाची पाळी करून परत आला होता. काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पण जेवताना ताटली आपटायचा, शेजाऱ्याच्या कुत्र्याला लाथ मारायचा. एकदा बसस्टॉपवर धक्का लागला म्हणून त्याने एका माणसाची कॉलर धरून त्याला खांबावर आपटलं होतं. आई म्हणायची, "त्याच्या अंगात काहीतरी शिरलंय." मी म्हणायचे, उतरेल.

नेतिवोतला नवऱ्याच्या मामाचं गॅरेज होतं. एका शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे जीप घेऊन तिथे गेलो. मामांनी दोन्ही मापांचे टायर भिंतीला लावून ठेवले होते. पस्तिसाचा टायर माझ्या कमरेला लागत होता. दादाने तो उभा केला, हाताने थोपटला आणि म्हणाला, "हाच."

"त्याच्यासाठी ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागतील, शॉकअप लांब लागतील, स्टिअरिंगचा दांडा बदलावा लागेल," नवरा म्हणाला. "नुसते पाटे उचलून चालत नाही."

"तुला भीती वाटते."

"हो, वाटते. या गाडीत माझी बायको बसणार आहे."

"ती माझी बहीण आधी आहे."

"मग तिचा विचार कर."

एवढंच बोलणं झालं. दादाने टायर ढकलून दिला आणि तो गडगडत जाऊन तेलाच्या पिंपावर आदळला. नवरा तो उचलायला वाकला. दादाच्या हातात जॅकचा दांडा कधी आला ते मला कळलं नाही. मी फक्त आवाज ऐकला, वाळलेली फांदी मोडावी तसा. नवरा गुडघ्यावर बसला, एक हात खांद्याशी धरून, आणि त्याच्या तोंडातून श्वास बाहेर पडेना. दादाने दांडा पुन्हा उचलला. मी मध्ये गेले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि माझा पुढचा दात माझ्याच जिभेवर पडला. मी तो थुंकला. मामांनी मागून दादाला कवळ घातली, कामगारांनी त्याचे पाय धरले, तरी तो चार जणांना ओढत होता. शिव्या मराठीत देत होता. गॅरेजमध्ये त्या फक्त मला कळत होत्या, आणि मला वाटत होतं, त्या कुणाला कळत नाहीत तेच बरं.

नवऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पोलिसात जायला त्याने नकार दिला. "तुझ्या आईचा मुलगा आहे," एवढंच म्हणाला. हात झोळीत घालून तो घरी बसला.

दादाने मात्र जीप नेली. तो कामाला होता त्या कारखान्यातल्या दोन मित्रांना घेऊन त्याने चार इंचांचे पाटे स्वतः बसवले, पस्तिसाचे टायर चढवले, मडगार्ड पत्र्याच्या कात्रीने कापले. काही आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी तो आमच्या दारात येऊन हॉर्न वाजवत राहिला. मी खाली गेले.

"बस," तो म्हणाला. "एकदा बघ तरी."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, दाताच्या जागेकडे, आणि मान वळवली. माफी मागायची त्याची तीच रीत होती. मी बसले, पट्टा लावला. नवरा वर झोपला होता. मी त्याला सांगितलं नाही, त्याने जाऊ दिलं नसतं.

गावाबाहेर कोरड्या ओढ्याच्या पात्रात आम्ही उतरलो. खरं सांगायचं तर पहिला तासभर मला दादाचंच बरोबर वाटलं. जिथे आधी पोट घासायचं तिथून गाडी नुसती पाय टाकत गेली. दादा हसत होता. सैन्यातून आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मग एक उतार आला, घोटीव दगडाचा, पायऱ्यांसारखा. गाडी खाली वाकली. डावं पुढचं चाक एका खड्ड्यात लोंबकळलं, पाटा पूर्ण ताणून खाली गेला, आणि त्याच्याबरोबर ब्रेकची रबरी नळी ताणली गेली. ती जुनीच होती, जुन्या उंचीच्या मापाची. ती तुटली. जुन्या गाडीत चारी चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच वाटेने जातं, एक नळी गेली की सगळं गेलं. दादाचा पाय पेडलसकट जमिनीला टेकला. "नाहीये," तो म्हणाला, अगदी हळू. घाबरून त्याने क्लचही दाबला, आणि गिअरने धरून ठेवलेली गाडी सुटली.

पहिल्या आपटीत माझं डोकं टपाच्या लोखंडी नळीवर बसलं. दुसऱ्यात आकाश पायाखाली आलं. धूळ, पेट्रोल, तोंडात वाळू आणि रक्त. दगड गाडीला मारत होता, की गाडी दगडाला, ते कळत नव्हतं. मग ती डाव्या कुशीवर थांबली, आणि एक चाक वर नुसतं फिरत राहिलं.

दादाने पट्टा लावला नव्हता. तो अर्धा बाहेर होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गाडीच्या कडेच्या खाली गेला होता. तो ओरडत नव्हता. दगडावर मूठ मारत होता, पुन्हा पुन्हा, मुठीची कातडी निघेपर्यंत. मी चावी बंद केली. पट्ट्यातून सुटून खाली पडले. इथे मुलींनाही सैन्य चुकत नाही; तिथे शिकवलं होतं तसा माझ्या कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला. गाडीला खांदा लावला, ती हललीसुद्धा नाही.

"त्याला नको बोलावू," दादा म्हणाला.

"गप्प बस."

"त्याला नको."

फोन लागावा म्हणून मी कड्यावर चढले. आधी रुग्णवाहिका, मग नवरा.

तो रुग्णवाहिकेच्या आधी पोचला, मित्राच्या जीपमध्ये, हात झोळीतच. आल्याआल्या त्याने मला नखशिखांत पाहिलं, मग गाडीखाली दगड रचायला लागला. मित्राने जॅक लावला. गाडी वर जात होती तसा नवरा आडवा पडून सुट्या हाताने दादाचा दंड धरून त्याला ओढत होता. जोर लावताना झोळी सुटली, मोडलेलं हाड पुन्हा सरकलं, आणि तो गुरासारखा ओरडला. दादा बाहेर आला. गुडघ्याखाली त्याचा पाय पाय राहिलेला नव्हता.

बेर शेवाच्या इस्पितळात डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. शुद्धीवर आल्यावर दादाने पाण्याचा ग्लास भिंतीवर फोडला, सलाइनची सुई उपटली, आणि नर्सला म्हणाला की आरसा आणला तर तोही फोडीन.

आई मलिदा बोलली होती. मुलगा जिवंत राहिला तर एलियाहू हनावी या प्रेषिताची मलिदा करीन, असा आम्हा मराठी ज्यूंचा नवस. दादा घरी आल्यावर तिने तो फेडायचा ठरवला. आईच्या घरात नातेवाईक जमले, गोड पोह्यांचं ताट सजलं, फळं मांडली. नवरा कोपऱ्यात उभा होता. ब्राखोत, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, संपल्यावर आईने ताट आधी त्याच्यापुढे धरलं.

दादा कुबड्यांवर उठला. नवऱ्यालाही कळावं म्हणून हिब्रूत बोलला, "याला कशाला? हा आला नसता तर मी मरून सुटलो असतो."

नवऱ्याने त्याच्या तोंडात मारली.

उघड्या पंज्याने, पूर्ण ताकदीने. कुबडी फरशीवर पडली, दादा भिंतीला जाऊन टेकला.  दादाने नवऱ्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि मला वाटलं, आता पुन्हा. पण तो तसाच लटकून राहिला, दात आवळून, आणि त्याच्या घशातून असा आवाज यायला लागला की बायकांनी तोंडं फिरवली. नवऱ्याने त्याला काखेत हात घालून उभं धरलं.

आई मराठीत म्हणाली, "पोहे सुकतायत. बसा दोघं."

नवऱ्याला मराठी येत नव्हती, पण तो बसला. दादाही बसला. त्यांनी एकाच ताटातून खाल्लं, एकमेकांकडे न बघता. त्यानंतर त्यांच्यात कधी मारामारी झाली नाही. मैत्रीही झाली नाही. दादाला कारखान्यात बसून करायचं काम मिळालं. पुढे कित्येक महिने तो दर आठवड्याला बेर शेवाला एका माणसाकडे बोलायला जायचा आणि काय बोलला ते आम्हाला सांगायचा नाही. पण शेजाऱ्याचं कुत्रं परत आईच्या जिन्यात झोपायला लागलं.

मलिदेच्या दिवशी आईकडून घरी परतताना नवऱ्याने वाटेतच गाडी कडेला घेतली. मला वाटलं खांदा दुखतोय. तो स्वतःच्या उजव्या पंज्याकडे पाहत होता.

"मी आजवर कुणावर हात उचलला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. "मारताना. खूप बरं वाटलं."

 मी उतरले, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले, त्याला सरकायला सांगितलं, आणि घरापर्यंत गाडी मी चालवली.