'खडक' नावाचा एकच अंक

"हे दोरीला लावा नाना, आणि कोण उचलतं ते मला इथे बसून बघू द्या."

असं म्हणून गुरुजींनी पिशवीतून एक मासिक काढून माझ्या हातात दिलं. काळं कव्हर. वर डाव्या अंगाला पिवळ्या अक्षरांत 'खडक'. खाली एक जवान माणूस, गळ्यात मण्यांची माळ, हातात इलेक्ट्रिक गिटार, बघतोय सरळ आपल्याकडे.

मी ते मासिक ओळखलं. बोललो मात्र नाही.

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर माझा पेपर-पुस्तकांचा स्टॉल आहे. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अजून वाचता येत नाही. पण कुठलंही मासिक हातात द्या, ते कोण उचलेल, घेईल की बघून ठेवून देईल, हे मी कव्हर बघून सांगतो. मोठमोठ्या एजन्सीचे लोक गाडी थांबवून मला विचारायचे. मी कुणाचं मन राखायला कधी खोटं बोललो नाही. त्याचा मला अभिमान होता.

गुरुजी नवापूरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. आडनाव गावित. नंदुरबारला बस बदलून आले होते. त्यांचा मुलगा जोएल पुण्याला ड्रॉइंगचं शिकला होता आणि चर्चमध्ये गिटार वाजवायचा. नोकरी सोडून घरी आला, म्हणाला, मराठीत रॉक संगीताचं मासिक काढतो. दोन वर्षं त्यातच गेली. मग घाटात त्याच्या मोटारसायकलला ट्रकची धडक बसली आणि तो गेला.

"हा डमी आहे," गुरुजी म्हणाले. डमी म्हणजे धंदा सुरू करण्याआधी नमुना म्हणून छापलेला अंक. "पाचच प्रती काढल्या होत्या. मी त्याला म्हणालो होतो, दोन वर्षं वाया घालवलीस. ते खरं होतं की नाही, तेवढं मला पाहिजे. तुम्ही या धंद्यातले. खोटं नका सांगू."

"खोटं मी सांगतच नाही," मी म्हणालो.

पिशवीत आणखी आठ-दहा मासिकं होती, बाहेरदेशची, जुनी. पोराने सुरतेच्या रद्दीतून आणि पुण्याच्या फुटपाथवरून जमवलेली. गुरुजींनी ती फळीवर पसरली. "यांत त्याने काय बघितलं ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं का?"

नावं मला वाचता आली नाहीत, पण बाकीचं कळत होतं. मी एकेक उचलून त्यांना दाखवलं.

पहिली गोष्ट, कोणी हसत नाही. फिल्मी मासिकाच्या कव्हरवर दात दिसलेच पाहिजेत, नाहीतर ते दोरीवर तसंच राहतं. इथे सगळे रागावल्यासारखे, जणू तुम्ही त्यांचा पाय तुडवला. म्हणजे हे विकत घेणारा माणूसही घरात कोणाशी तरी रुसलेला असणार. दुसरी गोष्ट टायटलची. टायटल म्हणजे मासिकाचं नाव. एका अंकावर गाणाऱ्याच्या डोक्याने अर्धं नाव झाकून टाकलं होतं. गुरुजींना ती चूक वाटली. मी म्हणालो, "चूक नाही. नाव लोकांना पाठ झालंय, म्हणून झाकायची हिंमत. नवीन माणसाने असं करू नये." तिसरं, मधली पानं. पिना उचकटून पोस्टर काढून घेतलेलं. बहुतेक अंकांत तसंच. म्हणजे निम्मी गिऱ्हाईकं लेखासाठी नाही, भिंतीसाठी घेत होती.

"आणि काळा रंग?" गुरुजींनी विचारलं.

"तिकडे चालतो. इथे काळं कव्हर म्हणजे भुताच्या गोष्टी नाहीतर जंतरमंतर."

माझ्याकडेही इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी असलं एक इंग्रजी मासिक यायचं, दोन-तीन प्रती. ती पोरं भाव करायची नाहीत. घेतलं की कव्हर आत करून गुंडाळायची आणि बॅगेत टाकायची. फिल्मी मासिक माणूस कव्हर बाहेर ठेवून मिरवतो. हे मासिक बापाला दिसू नये म्हणून आत दडवतो. मी हे गुरुजींना सांगितलं आणि जीभ चावली. ते खाली बघत होते. "आमच्या घरातही गादीखाली असायची," म्हणाले.

आता जे मी बोललो नाही ते सांगतो.

आदल्या वर्षी उन्हाळ्यात जोएल हाच अंक घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणजे याच्या आधीचा नमुना. तेव्हा 'खडक' हे नाव खाली उजव्या कोपऱ्यात होतं, तिरकं आणि बारीक. आमच्या दोरीवर मासिकं घरावरच्या कौलांसारखी लागतात. एकाचा खालचा भाग पुढच्याने झाकला जातो. वरची चार बोटं दिसतात, तीही डावीकडची. नाव खाली म्हणजे नाव नाहीच. मी ते पोराला सांगितलं, पण कसं सांगितलं? अंक फळीवर टाकला आणि म्हणालो, "हे इथे लागणार नाही. तुला कोण ओळखतं? नाव वर आण, मग ये. नाहीतर पुण्याला जाऊन विक." चार गिऱ्हाईकं ऐकत होती. तो "येतो नाना" म्हणाला आणि गेला. आला नाही.

आणि आता नाव वर आलेलं माझ्या हातात होतं. डावीकडे, बरोबर चार बोटांत.

तुमच्या पोराला मी हाकललं होतं, हे बापाला कसं सांगायचं? मी नाही सांगितलं. म्हटलं, आधी दोरी बोलू दे.

बाजाराचा दिवस होता. मी अंक मधल्या दोरीला लावला, डाव्या बाजूला एक फिल्मी, उजवीकडे स्पर्धा परीक्षेचं. माझी एक पद्धत आहे. नवीन मासिक कोणी नुसतं बघितलं तर काही नाही, हातात घेतलं तर फळीवर खडूची एक रेघ, विकत घेतलं तर रेघेवर फुली. गुरुजी समोरच्या बाकावर बसले, मांडीवर पिशवी, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

पहिली रेघ एका शेतकऱ्याची. टोपी मागे सारून त्याने अंक काढला आणि पानं उलटायला लागला.

"नाना, हाई खडक फोडानं पुस्तक शे का?"

"नही भो. गाणास्नं शे."

"गाणास्नं? मंग नाव खडक कसाले ठेवं?"

"इंग्रजीमा रॉक म्हंतस. रॉक म्हंजे खडक."

"मन्हा बोरले पानी लागनं नही. दोनशे फूटले खडकच शे. मी म्हंतं, काही उपाय दिसी." त्याने गिटारवाल्याकडे नीट बघितलं. "हाऊ बी फोडीच ऱ्हायना वाटस!"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. बाकावर बघितलं तर गुरुजींच्या चेहऱ्यावरही हसू होतं, पण ते लगेच गेलं. अंक परत दोरीला लागला.

मग एका बाईने उचलला, लेकराला पाच मिनिटं गप्प करायला. एका कंडक्टरने उचलला, "जंतरमंतर आहे का?" म्हणून. कॉलेजच्या एका मुलीने कव्हरचा मोबाइलवर फोटो काढला आणि ठेवला. दुपारनंतर धडगावकडची दोन कॉलेजची पोरं आली. त्यांची बस लागायची होती. त्यांनी तो अंक असा वाचला की मला बरं वाटावं. एकाने धरला, दुसरा खांद्यावरून वाचत होता. आमच्या ढोलाचा ठेका आणि रॉकचा ठेका यावर जोएलने काहीतरी लिहिलं होतं. त्यावर दोघांची वादावादी झाली. एक फळीवर बोटांनी वाजवून दाखवायला लागला. माझ्या खडूच्या रेघा थोड्या पुसल्या, मी ओरडलो नाही.

"पुढचा कधी येईल, नाना?"

मी बाकाकडे बघितलं. गुरुजी बसगाड्यांकडे बघत होते.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

पोरांची बस आली. अंक त्यांनी नीट परत लावला, नाव वर ठेवून.

चार वाजता गुरुजी उठून फळीपाशी आले. "बोला."

"सहा जणांनी उचललं. घेतलं कोणी नाही."

"म्हणजे?"

"कव्हर चांगलं आहे. नाव जागेवर आहे, पण नावाचा अर्थ इथे वेगळा लागतो. वाचणारे आहेत, ते उभ्याने वाचून जाणारे. ज्याला घ्यायचं तो आता मोबाइलवर बघतो. मासिक चाललं नसतं, गुरुजी. माझ्या स्टॉलवर आता चांगली चालणारी मासिकंही चालत नाहीत. चार्जर विकतोय मी."

"म्हणजे मी त्याला म्हणालो ते बरोबर होतं."

"धंद्याच्या हिशोबाने बरोबर."

त्यांनी मान हलवली. पण निघाले नाहीत. फळीवरच्या रेघांवरून बोट फिरवत उभे राहिले.

"आणखी काही, नाना?"

"आणखी काय?"

"काही नाही? आठवून बघा."

"नाही."

माझी मान ताठ ती ताठच. त्यांनी पिशवी फळीवर ठेवली. "हे सगळं रद्दीत घाला," म्हणाले, आणि नंदुरबारच्या बसकडे गेले. मागे वळून बघितलं नाही.

रद्दीवाला दर शनिवारी येतो. एक शनिवार गेला. त्याने पिशवीला हात लावला तर मी त्याच्यावर खेकसलो. तो म्हणाला, "नाना, भुताची पुस्तकं आहेत का, एवढे काय घाबरता?" दुसऱ्या दिवशी स्टॉल बंद ठेवला. लग्नाव्यतिरिक्त मी स्टॉल बंद ठेवत नाही. पिशवी घेतली आणि नवापूरला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही, गावित गुरुजी म्हटल्यावर रिक्षावाल्याने दारात सोडलं. गुरुजी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. मला बघून उठले नाहीत. त्यांच्या बाई, जोएलची आई, पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायलो नाही, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. जोएल माझ्याकडे आला होता. मी त्याला चार माणसांत बोललो. नाव वर आण म्हणालो. त्याने आणलं.

बाई खाली बसल्या. गुरुजी आत गेले आणि एक ड्रॉइंगची वही घेऊन आले. एका पानावर जुनं कव्हर चिकटवलेलं होतं. खालच्या नावापासून वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीचा लांब बाण. बाजूला लिहिलं होतं, 'शहाद्याचे नाना बरोबर म्हणतात.'

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. नंदुरबारला काय स्टॉल नव्हते? मासिक चाललं नसतं हे मला कोणी सांगायला नको होतं, नाना. शेवटचे चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. एका घरात राहून. तुमच्याशी बोलला. मला वाटलं, तुम्ही ओळखाल, आपणहून काही सांगाल. मी दिवसभर बसलो होतो."

मी म्हणालो, "विचारा, काय विचारायचं ते."

"कसा होता? बरा दिसत होता का?"

"बरा होता."

बाईंनी विचारलं, "कपडे कोणते होते? निळा शर्ट होता का, चौकड्यांचा?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. नाव खाली उजवीकडे होतं, तिरकं. अक्षरं पांढरी होती. कागद जाड होता, चकचकीत नव्हता. पिना दोन होत्या, वरची थोडी वाकडी बसलेली. एवढं सगळं आठवत होतं. शर्ट आठवत नव्हता.

"तुम्ही त्याला बोललात तेव्हा रागावला का?" गुरुजींनी विचारलं. "की हसला?"

"मी कव्हरकडे बघत होतो," मी म्हणालो.

निळा शर्ट होता, हसला, असं मी म्हणू शकलो असतो. दोघं तेवढ्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत होते. तसं म्हणालो नाही. चाळीस वर्षांची सवय. बाईंनी पुन्हा पाण्याचा तांब्या पुढे केला, या वेळी मी प्यायलो. पिशवी गुरुजींनी ठेवून घेतली.

अजूनही कधीतरी एखादा नवीन माणूस स्वतः छापलेलं काहीतरी घेऊन स्टॉलवर येतो, कवितांचं, नाहीतर दिवाळी अंक. मी त्याला आधी बसायला सांगतो. नाव, गाव विचारतो. नीट बघून घेतो. कव्हर कसं आहे ते मग सांगतो. ते काही पळून जात नाही.